बाबा कशाने गेले, हे आम्हाला माहीत नाही

नऊ वर्षांपूर्वी रुग्णालयाने आमच्या हातात एक कागद ठेवला. त्यावर मृत्यूच्या कारणासमोर लिहिलं होतं, ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’. म्हणजे हृदय थांबलं आणि श्वास थांबला. असं झाल्याशिवाय कुणीच मरत नाही. साप चावलेला माणूस असो, नाहीतर नव्वदीत झोपेत गेलेली आजी असो, शेवटी होतं ते हेच. त्या कागदाने आम्हाला एवढंच सांगितलं की बाबा गेले, आणि ते आम्हाला ठाऊक होतं.

बाबा तेव्हा एकसष्ट वर्षांचे होते. एसटीत वाहक म्हणून उभी हयात काढलेली, निवृत्तीनंतरही रोज पहाटे तळ्यापर्यंत चालत जाण्याचा शिरस्ता. एका संध्याकाळी त्यांच्या पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, अशी कळ आली की ते होते तिथेच खाली बसले. गावातल्या डॉक्टरांनी पित्ताचं औषध दिलं. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं. तिथे हृदयविकाराचा झटका समजून उपचार सुरू झाले. तिसऱ्या दिवशी पहाटे ते गेले. कुणी हलगर्जी केली असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही.

साडेपाचच्या सुमारास एक निवासी डॉक्टर बाहेर आली. वयाने माझ्यापेक्षा लहान, रात्रभर जागलेली. म्हणाली, “ताई, नक्की काय झालं ते आम्हालाही कळलेलं नाही. तुमची परवानगी असेल तर पीएम, म्हणजे शवविच्छेदन, करता येईल. पोलिसांचा काही संबंध नाही, फक्त कारण कळावं म्हणून.” काका पुढे झाले. “तीन दिवस सुया टोचल्यात तेवढ्या पुरे. आता चिरफाड नको.” आई भिंतीला टेकून बसली होती. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण घरात शिकलेली मी. मी शाळेत विज्ञान शिकवते. मी ‘नको’ म्हणाले.

गेल्या वर्षी दादाला धाप लागायला लागली म्हणून त्याचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढली. हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, जिला महाधमनी म्हणतात, ती मुळाशीच फुगलेली निघाली. हृदयाच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “वडील कशाने गेले?” दादाने माझ्याकडे पाहिलं. मी पाठीतल्या कळेचं सांगितलं, झटक्याचं सांगितलं, तो कागदही दाखवला. डॉक्टरांनी कागद वाचला आणि काही न बोलता परत दिला.

महाधमनीचा हा दोष काही घराण्यांत पिढ्यान् पिढ्या चालत येतो. तिचा आतला पदर फाटला की पाठीत अशीच कळ येते. ते हृदयविकाराच्या झटक्यासारखं दिसू शकतं, आणि मग झटक्यासाठी दिलेली रक्त पातळ करणारी औषधं उलट घात करू शकतात. बाबांना हेच झालं असेल का? असेल, किंवा नसेलही. त्या पहाटे मी होकार दिला असता तर उत्तर चोवीस तासांत मिळालं असतं. दादाचा इको आठ वर्षं आधी निघाला असता. माझ्या आणि त्याच्या मुलांच्या तपासण्या आता ‘संशय आहे म्हणून’ कराव्या लागतायत, त्या खात्रीने झाल्या असत्या. बाबांचा आजार त्यांच्याबरोबर चितेवर जळून गेला, आणि त्याचा काही भाग आमच्या अंगात शिल्लक आहे की काय, हे आम्हाला चाचपडत शोधावं लागतंय.

हे सगळं लिहायचं कारण फक्त घरचं नाही. गेलं वर्षभर मी या विषयावर मिळेल ते वाचलं, दोन पॅथॉलॉजिस्टांना, म्हणजे अवयव तपासून आजार ओळखणाऱ्या डॉक्टरांना, भेटून त्यांना पुष्कळ प्रश्न विचारले, आणि माझं मत पक्कं झालं आहे. शवविच्छेदन आपण पोलिसांच्या स्वाधीन करून टाकलं आहे. ते वैद्यकशास्त्राला आणि घरच्यांना परत मिळालं पाहिजे.

‘पोस्टमॉर्टेम’ हा शब्द ऐकल्यावर डोळ्यांसमोर काय येतं, ते आठवून पाहा. अपघात, विहीर, गळफास, विषाची बाटली. पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद, मग पंचनामा, मग शवागाराबाहेर झाडाखाली ताटकळलेले नातेवाईक. व्हिसेरा, म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने, राखून ठेवला म्हणतात, तो मुंबईत कलिनाच्या नाहीतर विभागीय न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो आणि त्याचा अहवाल ठाण्यामार्फत महिनोन्महिने येत नाही. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७४ व्या कलमाखाली चालायचं. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४ व्या कलमाखाली चालतं. या तपासणीला पडलेला प्रश्न कायद्याचा असतो: घात, अपघात, आत्महत्या, की नैसर्गिक मरण? ‘नैसर्गिक’ असं उत्तर आलं की फाइल मिटते. माझा प्रश्न नेमका तिथून सुरू होतो.

दुसरं शवविच्छेदन रुग्णालयातलं असतं. त्यात पोलीस नाहीत, पंचनामा नाही. नातेवाइकांच्या लेखी संमतीनेच ते होतं आणि पॅथॉलॉजी विभाग ते करतो. इलाज करणाऱ्यांनी बांधलेला अंदाज आणि शरीरात प्रत्यक्ष असलेला आजार यांची तिथे गाठ घालून दिली जाते. हृदय, फुप्फुसं, यकृत, मेंदू हे सगळं डोळ्यांनी पाहून, वजन करून, त्यांचे बारीक तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून. चंदिगडच्या पीजीआयसारख्या वैद्यकीय संस्थेत अशा केसेसवर भरलेल्या सभागृहात चर्चा होते. आधी उपचार करणाऱ्या विभागाने आपला तर्क मांडायचा, मग पॅथॉलॉजिस्टने उठून शरीरात काय सापडलं ते दाखवायचं. त्या सभागृहात बसलेल्या तरुण डॉक्टरला तो तासाभराचा धडा पुस्तकातून मिळणार नाही. मराठीत मात्र या दोन्ही तपासण्यांना आपण एकच नाव दिलं, आणि पहिलीची भीती दुसरीच्या वाट्याला आली. त्या पहाटे त्या डॉक्टरने ‘पोलिसांचा काही संबंध नाही’ असं स्वतःहून सांगितलं होतं. तरी काकांना ऐकू आलं ते पोस्टमॉर्टेमच.

मी ज्या ज्या सुशिक्षित माणसाशी बोलले त्याने एक प्रश्न हमखास विचारला. आता सीटी आहे, एमआरआय आहे, रक्ताच्या शंभर चाचण्या आहेत, मग मेल्यावर उघडून बघायची गरज काय? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायचं काम बोस्टनमधल्या डॉक्टरांनी १९८३ मध्येच केलं. त्यांनी एकाच रुग्णालयातली १९६०, १९७० आणि १९८० या तीन वर्षांतली प्रत्येकी शंभर शवविच्छेदनं घेतली. या वीस वर्षांत अल्ट्रासाउंड आलं, सीटी आलं, किरणोत्सारी द्रव्यांच्या चाचण्या आल्या. अपेक्षा अशी की निदानातल्या चुका कमी झाल्या असतील. झाल्या नव्हत्या. तिन्ही वर्षांत दहा टक्क्यांच्या आसपास रुग्णांमध्ये असा मोठा आजार सापडला, जो आधी कळला असता तर उपचार बदलले असते आणि कदाचित माणूस आणखी जगला असता. नव्या तपासण्यांवर फार विसंबल्यामुळे काही वेळा निदान उलट चुकलं होतं, हेही त्यांनी नोंदवलं.

२००३ मध्ये याहून मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात चाळीस वर्षांतले ५३ अभ्यास एकत्र तपासले होते. चुकांचं प्रमाण हळूहळू घटतंय हे त्यातून दिसलं, आणि ते मान्य केलंच पाहिजे. ज्यांच्याबद्दल शंका असते त्यांचंच शवविच्छेदन होण्याचा कल असतो, त्यामुळे आकडे फुगतात, हाही आक्षेप खरा आहे. आढावा घेणाऱ्यांनी त्याचा हिशेब करून अंदाज मांडला. त्यानुसार अमेरिकेतल्या त्या काळच्या चांगल्या रुग्णालयातही मृत्यूंपैकी सुमारे आठ ते चोवीस टक्क्यांमध्ये मोठं निदान हुकलेलं असण्याची शक्यता होती, आणि चार ते सात टक्क्यांमध्ये तर ती चूक रुग्णाच्या जिवाशी निगडित होती. ही सगळ्या सोयी असलेल्या देशाची गोष्ट. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात, जिथे सीटीसाठी रुग्णाला साठ किलोमीटर न्यावं लागतं, तिथे काय असेल?

मृतदेहाचाच सीटी काढला तर? हाही विचार झालेला आहे. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात तो प्रयोग नव्वदीच्या दशकाच्या शेवटी सुरू झाला, आणि दिल्लीच्या एम्समध्ये २०२१ पासून असं केंद्र आहे. हाडं मोडणं, गोळी लागणं, मेंदूत रक्तस्राव होणं यासाठी ते उत्तम. ब्रिटनमध्ये मात्र १८२ मृतांची आधी सीटी व एमआरआय आणि मग शवविच्छेदन अशी तुलना करून २०१२ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात सीटीवरून ठरवलेलं कारण जवळजवळ एक तृतीयांश वेळा चुकलं होतं, एमआरआयवरून त्याहूनही जास्त. आणि निसटत होतं ते काय? हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, फुप्फुसात अडकलेली गुठळी, न्यूमोनिया. म्हणजे माणसं ज्या कारणांनी सर्रास मरतात, तेच. यंत्र उपयोगी आहे, पण त्याच्या जिवावर शवविच्छेदनाची खोली बंद करता येणार नाही.

कोविडमधली एक गोष्ट मला विसरता येत नाही. २०२० मध्ये आपल्या घराघरांतल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश फिरत होता. इटलीने म्हणे जागतिक आरोग्य संघटनेचा कायदा मोडून मृतदेह उघडले, आणि त्यात कळलं की हा विषाणू नाहीच, जीवाणू आहे. रक्ताच्या गुठळ्या होतात, अ‍ॅस्पिरिन घेतली की बरं वाटतं. माझ्या शाळेतल्या शिक्षकांच्या गटावर तो तीनदा आला. संदेश धादांत खोटा होता, जीवाणू वगैरे काही नव्हतं आणि तसा कुठला कायदाही नव्हता. पण उत्तर मेलेल्या माणसाच्या शरीरात आहे, ही लोकांची जाणीव खोटी नव्हती. जर्मनीत सुरुवातीला कोविडचं शवविच्छेदन टाळा असाच सरकारी सल्ला होता. हॅम्बर्ग शहराने तो बाजूला ठेवून आपल्याकडचे मृतदेह तपासायला लावले. पहिल्या बारांपैकी सात जणांच्या पायांच्या शिरांत गुठळ्या सापडल्या, आणि जिवंतपणी त्यांची कुणालाही शंका आली नव्हती. चार जण थेट फुप्फुसात गेलेल्या गुठळीनेच दगावले होते. उत्तर इटलीतल्या दोन रुग्णालयांनी ३८ जणांची फुप्फुसं तपासली, त्यांतल्या ३३ जणांच्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होत्या. अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांना जी शंका येत होती, तिला असा भक्कम पुरावा मिळाला.

आपल्याकडे मे २०२० मध्ये आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, कोविडच्या मृतदेहांवर छेद देऊन तपासणी करू नये अशी सूचना काढली. कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेची काळजी त्यामागे होती आणि ती खोटी नव्हती. हवेचा बंदोबस्त असलेल्या शवविच्छेदनाच्या खोल्या आपल्याकडे आहेत किती? त्याच वर्षी पुढे भोपाळच्या एम्सने परवानगी घेऊन काही शवविच्छेदनं केली. पण ज्या देशात लाखो माणसं गेली, त्याने आपल्या मृतांकडून इतकं थोडं शिकावं याची मला खंत वाटते. तशा खोल्या महामारी आल्यावर बांधता येत नाहीत, त्या आधीपासून रोजच्या वापरात असाव्या लागतात.

मुंबईला हे नवीन नाही, आणि हे मला मुद्दाम सांगायचं आहे. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग सापडला. पुढच्याच वर्षी व्हिएन्नाहून एक वैद्यकीय आयोग मुंबईत आला. त्यातले दोन तरुण डॉक्टर, हाइनरिख आल्ब्रेख्त आणि अंतोन गोन, आर्थर रोडच्या रुग्णालयात प्लेगने मेलेल्यांची शवविच्छेदनं करत होते. आजचं कस्तुरबा रुग्णालय ते हेच. हाच गोन पुढे क्षयाकडे वळला. १८४ मुलांच्या शवविच्छेदनांवरून त्याने १९१२ मध्ये दाखवून दिलं की बालपणीचा क्षय फुप्फुसात आधी कुठे आणि कसा बसतो. त्या जागेला जगभर त्याचं नाव आहे, आणि आपल्याकडे एमबीबीएसचा प्रत्येक विद्यार्थी ते पाठ करतो. अलीकडचंही उदाहरण आहे. लेप्टो, म्हणजे पावसाळ्यात पसरणारा लेप्टोस्पायरोसिस, म्हटलं की आपल्याला कावीळ आणि मूत्रपिंडं आठवतात. मुंबईतल्या लेप्टोच्या ६२ शवविच्छेदनांचा अभ्यास २००५ मध्ये, म्हणजे सव्वीस जुलैच्या पुराच्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. त्यात ठळकपणे पुढे आला तो फुप्फुसातला रक्तस्राव. पावसाळ्यात तापाचा रुग्ण दम लागत आला तर डॉक्टरने कशाला घाबरायचं, हे त्या ६२ माणसांनी शिकवलं. मुंबईतच एड्सने गेलेल्या २३६ जणांच्या शवविच्छेदनांचा अभ्यास २०११ मध्ये आला. त्यात सर्वांत जास्त आढळला तो क्षय, म्हणजे ज्यावर औषध आहे असा आजार. या माणसांची नावं कुणाला माहीत नाहीत. त्यांच्या घरच्यांनी कुठल्या तरी पहाटे ‘हो’ म्हटलं होतं, जे मला जमलं नाही.

पण त्याच आर्थर रोडची दुसरी बाजूही आहे. २९ ऑक्टोबर १८९६ ला हजारभर गिरणी कामगारांनी त्या रुग्णालयावर हल्ला केला होता. आत नेलेला माणूस परत येत नाही, तिथे त्याच्या देहाचं काय करतात कुणास ठाऊक, असं भय शहरभर पसरलं होतं. सोजीर घरांत शिरत होते, माणसं विलगीकरणाच्या छावण्यांत नेली जात होती, आणि पुढच्या जूनमध्ये पुण्यात प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. आपल्या मनातली चिरफाडीची भीती अडाणीपणातून आली असं म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. सरकारने न विचारता देहाला हात घातला, त्यातून ती आली. आणि ती फक्त आपलीच आहे असंही नाही. लिव्हरपूलच्या ‘ऑल्डर हे’ नावाच्या बालरुग्णालयात मेलेल्या मुलांचे अवयव आईबापांना न सांगता वर्षानुवर्षं बरण्यांत ठेवले गेले होते. ते उघडकीला आल्यावर चौकशी झाली, २००१ मध्ये अहवाल आला आणि ब्रिटनला २००४ मध्ये त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. विश्वास एकदा गेला की पिढ्यांचं काम बसतं.

म्हणून आमच्या काकांना मी दोष देत नाही. त्यांनी आयुष्यात पाहिलेलं एकच शवविच्छेदन म्हणजे ग्रामीण रुग्णालयामागची पत्र्याची खोली. दाराबाहेर पडलेली चिंधी, आत जायला नाखूश असलेले वैद्यकीय अधिकारी, आणि प्रत्यक्ष काम करणारा, हातमोज्यांची धड जोडीही न मिळालेला सफाई कामगार. तिथे आपल्या माणसाला कोण पाठवेल? त्या कामगाराला प्रशिक्षण, पद आणि पगार दिल्याशिवाय या विषयावर कितीही व्याख्यानं दिली तरी ती पोकळ ठरतील. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने सूर्यास्तानंतरही शवविच्छेदनाला मुभा दिली, खून, आत्महत्या, बलात्कार अशा प्रकरणांचे अपवाद ठेवून आणि पुरेशा सोयी असतील तिथेच. रात्रभर शवागाराबाहेर बसून राहिलेल्यांना त्याचं मोल कळेल. इंग्रजांच्या काळापासून चालत आलेला नियम मनात आणलं तर बदलतो, हेही त्यातून दिसलं.

मग अडतं कुठे? एका पॅथॉलॉजिस्ट बाईंनी मला मोकळेपणाने सांगितलं, “लोक नाही म्हणतात हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की आमचे लोक विचारतच नाहीत.” याची कारणं उघड आहेत. शवविच्छेदनाला दोन-तीन तास लागतात, सूक्ष्मदर्शकाचं काम आठवडाभर चालतं, आणि त्याचे पैसे कुणी देत नाही. बिल मृत्यूच्या वेळेवर थांबतं. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता हवी तर अमुक टक्के शवविच्छेदनं झालीच पाहिजेत अशी अट होती, ती १९७१ मध्ये काढून टाकली. १९७२ मध्ये तिथल्या १९.३ टक्के मृतांचं शवविच्छेदन होत होतं, २००७ मध्ये ते ८.५ टक्क्यांवर आलं. अट गेली तशी सवयही गेली.

आपल्याकडे त्यावर भीतीचा थर आहे. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आली. वॉर्डांत तोडफोड होते, डॉक्टरांना मारहाण होते. अशा वेळी स्वतःच्या हाताने आपली चूक शोधायला कोण पुढे होईल? डॉक्टरांची ही अडचण मला समजते, पण त्यांना मला एक सांगायचं आहे. वर सांगितलेल्या अभ्यासांमधल्या कित्येक चुका हलगर्जीच्या नव्हत्याच. आजार फसवा होता, वेळ कमी होता. कारण अंधारात राहिलं की संशय वाढतो, आणि संशयाला कुणीतरी दोषी लागतोच. बाबांच्या बाबतीत आजही आमच्या घरी एक जण म्हणतो की चुकीचं इंजेक्शन दिलं. त्या तरुण डॉक्टरने कदाचित सर्व काही बरोबर केलं असेल. तिच्या बाजूने साक्ष देणारी एकच गोष्ट होती, आणि ती आम्ही जाळली.

हे नुकसान एका घरापुरतं राहत नाही. आपल्या देशात २०२० मध्ये नोंद झालेल्या मृत्यूंपैकी फक्त २२.५ टक्के मृत्यूंना डॉक्टरने कारण प्रमाणित केलेलं होतं. उरलेल्यांचं कारण शोधायला घरोघरी जाऊन, ताप होता का, सूज होती का, असं विचारत अंदाज बांधावे लागतात. लाखो मृत्यूंचा असा अभ्यास आपल्याकडे झाला आहे आणि त्याने मोठं काम केलं आहे, पण तो नाइलाजाचा मार्ग आहे. आणि ज्या मृत्यूंना डॉक्टरची सही आहे, त्यांतही ‘हृदयक्रिया बंद’ असं लिहिलेले कागद किती असतील? कोणत्या आजारावर किती पैसे घालायचे, कोणत्या तालुक्यात काय पाठवायचं, हे सगळं या कागदांच्या बेरजेवर ठरतं.

सक्ती नको, हे मी ठामपणे म्हणते. पण विचारण्याची सक्ती हवी. अवयवदानाच्या कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने हे केलंच आहे. मेंदू मृत झालेल्या रुग्णाच्या नातेवाइकांना अवयवदानाबद्दल विचारणं रुग्णालयावर बंधनकारक झालं. त्यासाठी समन्वयक नेमले गेले. आपल्या राज्यात मुंबई, पुणे, नागपूर इथली केंद्रं ते काम पाहतात. घरच्यांशी कधी बोलायचं, कुठे बसवून बोलायचं, काय बोलायचं नाही, हे त्या समन्वयकांना शिकवलेलं असतं. त्या पहाटे आमच्याशी कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या बोलणाऱ्या डॉक्टरला ते कुणी शिकवलं नव्हतं. किमान प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात कारण न कळलेल्या प्रत्येक मृत्यूनंतर असा शिकलेला माणूस नातेवाइकांसमोर बसला पाहिजे. पोलिसांशी संबंध नाही, पैसे लागत नाहीत, काही तासांत देह परत मिळेल आणि अहवाल ठाण्यात न जाता तुमच्या हातात येईल, हे त्याने सांगावं. अहवाल आल्यावर डॉक्टरांनी घरच्यांना बोलावून तो साध्या मराठीत समजावून द्यावा. हे शेवटचं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. शिकण्यासाठी देह द्या म्हणायचं आणि काय शिकलो ते सांगायचं नाही, ही देवाणघेवाण नव्हे.

ज्यांना छेद नकोच असेल त्यांच्यासाठी मधला मार्गही आता आहे. लांब सुईने हृदय, फुप्फुसं, यकृत, मेंदू यांतले बारीक नमुने काढून घेतात, वर टाक्याचीही खूण राहत नाही. मोझांबिकमध्ये मापुतोच्या रुग्णालयात ही पद्धत पूर्ण शवविच्छेदनाशी ताडून पाहिली, आणि बहुतेक वेळा दोन्हींचं उत्तर जुळलं. संसर्गाच्या आजारांत ती विशेष चांगली. बाबांसारख्या बाबतीत, जिथे प्रश्न फाटलेल्या रक्तवाहिनीचा आहे, तिथे ती पुरणार नाही. तरी काहीच न कळण्यापेक्षा खूप बरी.

महाराष्ट्रात हे अशक्य आहे असं मला वाटत नाही, कारण देहदानाला आपण आपलंसं केलं आहे. माझ्या ओळखीतल्या सात-आठ घरांत देहदानाचे अर्ज भरलेले आहेत, त्यांची कार्डं देव्हाऱ्याजवळ ठेवलेली मी पाहिली आहेत. पन्नास वर्षांपूर्वी हे कुणाला खरं वाटलं नसतं. देह मुलांना शिकायला द्यायचा हे आपल्याला पटलं. मग त्याच देहाला काय झालं होतं, हे विचारणं का जड जावं? (शवविच्छेदन झालेला देह देहदानासाठी घेत नाहीत, त्यामुळे दोन्हींतलं एक निवडावं लागतं. नेत्रदान मात्र दोन्हींबरोबर होऊ शकतं.)

दादाची आता दर सहा महिन्यांनी तपासणी होते. रक्तदाबाची गोळी सुरू आहे, जड उचलायचं बंद आहे, आणि शस्त्रक्रिया कधी हे मोजमापावर ठरेल. मी एक कागद लिहून ठेवला आहे. मी कशाने गेले हे कळलं नाही तर शोधा, असं त्यात आहे. विम्याच्या कागदांबरोबर ठेवला आणि नवऱ्याला, दादाला दाखवला. मग धीर करून आईला वाचून दाखवला. ती आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. तिने सगळं नीट ऐकलं. थोड्या वेळाने विचारलं, “नंतर शिवतात का नीट?” मी सांगितलं, शिवतात. अंघोळ घालता येते, साडी नेसवता येते, चेहऱ्याला हात लावत नाहीत, वरून काही दिसत नाही. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “एवढं त्या पोरीने तेव्हा सांगितलं असतं, तर मीच हो म्हटलं असतं.”